तोलची जुळवणी

भरतेश मगदूमने शिऱ्याची दुसरी वाटी पुढे ओढली, तेव्हा त्याच्या कमरेवरच्या डबीने हलकेच 'टुक' केलं. त्याने खाली बघितलंसुद्धा नाही. मुठीएवढ्या त्या डबीने रक्तातली साखर चढू लागल्याचं ओळखलं होतं, लागेल तेवढं इन्सुलिन सोडायला सुरुवात केली होती, आणि भरतेश बेदाणे वेचून आधी खावेत की शेवटी, या विचारात होता.

त्रिशला हे रोज बघायची आणि रोज तिला बरं वाटायचं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं या माणसाने ताटावर बसून हिशेब केले होते. भात किती, पोळ्या किती, मग सुई किती. हिशेब होईस्तोवर आमटी निवायची आणि भूकही. आता मिरजेतल्या त्यांच्या घरात हिशेब कुणालाच करावा लागत नव्हता. तो डबी करायची, आणि डबीने तो कसा करायचा हे ठरवणाऱ्या तीन माणसांपैकी एक त्रिशला होती.

डब्या बऱ्याच कंपन्या बनवत, पण साखर इतकी असली तर इन्सुलिन किती, हे ठरवणारं डोकं सगळ्यांत एकच होतं. त्याचं नाव तोल. सॉफ्टवेअरवाले अशा गोष्टीला लायब्ररी म्हणतात. एकाने लिहून मोकळी ठेवायची, बाकीच्यांनी आपापल्या यंत्रात बसवायची. कंपन्यांच्या इमारती काचेच्या, वकील सुटाबुटातले, आणि डोकं मात्र मिरज, सोलापूर आणि सावंतवाडी इथल्या तिघांनी फावल्या वेळात, फुकटात सांभाळलेलं. जगात असं बरंच काही चालतं, फक्त कुणी सांगत नाही.

"आज तुमचं मतदान न्हवं?" भरतेशने वाटी चाटूनपुसून बाजूला केली.

"संध्याकाळी. तू टोपी घेतलीस का? ऊन बघ किती आहे."

"घेतो की. कशाला काळजी करतीस."

भरतेश शाळेत खेळाचा शिक्षक होता आणि तालुक्यातला नावाजलेला खो-खोचा पंच. आज बेडगला दिवसभराचे सामने होते. चैत्रातलं ऊन, उघडं मैदान आणि हा माणूस बसलेल्या खेळाडूंच्या पाटीबरोबर पळत राहणार. त्रिशलाने त्याच्या पिशवीत ग्लुकोजची पुडी टाकली. अलीकडे तिची गरजच पडत नसे, पण सवय सुटली नव्हती.

तेवढ्यात सोलापूरहून रुबिना तांबोळीचा फोन आला. तिघांतली सर्वांत लहान, बोलायला भरभर आणि कामाला त्याहून.

"ताई, माझं बांधून झालं. तुमचं?"

"झालं. वाच."

मग नेहमीची जुळवणी सुरू झाली. तोलचा मजकूर माणसाला वाचता येतो, डबीतल्या चिपला येत नाही. तो चिपच्या भाषेत उतरवायचा, तुकडे जोडायचे, तपासायचे आणि एकसंध करायचे, या कामाला हे तिघे बांधणी म्हणत. मजकूर बरोबर असला तरी बांधताना गडबड होऊ शकते. म्हणून सावंतवाडीच्या प्रभुदेसाई सरांनी पहिल्यापासून शिस्त घालून दिली होती. नवी आवृत्ती दोन गावांत दोघांनी वेगवेगळी बांधायची. बांधून झालेल्या वस्तूचा एक ठसा निघतो, आकडे आणि अक्षरांची लांबलचक माळ. एका अक्षराचा फरक पडला तरी सगळा ठसा बदलतो. तो एकाने फोनवर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने आपल्या पडद्यावर बोट ठेवून ऐकायचा. डोळ्यांनी बघून 'जुळतंय' म्हणायची परवानगी नव्हती. सरांचं म्हणणं असं की डोळे आळशी असतात.

"...सात, फ, दोन, नऊ. संपलं."

"जुळलं," त्रिशला म्हणाली.

भरतेश दारात बूट घालत ऐकत होता. गेल्या सहा महिन्यांत जे लोक स्वतःहून चाचणीला तयार झाले होते, त्यांत तो होता. नवी आवृत्ती कंपन्यांकडे जायच्या आधी या लोकांच्या डबीत जायची.

"दोघींनी वेगवेगळं बांधलंय न्हवं?" त्याने दरवेळी विचारायचं म्हणून विचारलं.

"हो रे बाबा. जा आता."

तो गेला. फाटक लावताना त्याच्या डबीने लांब 'टुऽक' केलं. नवा तोल बसला होता.

*

तिघांचं मतदान होतं ते पुढे कोणत्या यंत्रणेवर बांधायचं यावर. आजवर तोल पायरी नावाच्या यंत्रणेवर बांधला जायचा. ती प्रभुदेसाई सरांनी स्वतः लिहिली होती. तिला सांगाल तेवढंच आणि सांगाल त्याच क्रमाने ती करायची. कुणीही उघडून वाचावी, आता काय चाललंय ते कळावं. पण बाजारात नव्या चिपांच्या डब्या आल्या, जातीजातीच्या, आणि प्रत्येकीसाठी पायरीला हाताने नव्या सूचना लिहायच्या म्हणजे तिघांचे कित्येक महिने जाणार. तोपर्यंत नव्या डबीवाल्यांनी काय करायचं?

म्हणून रुबिनाने सुगरण आणली. सुगरणीला पायऱ्या सांगाव्या लागत नाहीत. काय हवंय ते सांगायचं, चिप दाखवायची, तपासणीचे प्रश्न द्यायचे, आणि ती वाट आपली आपण काढते. बांधून बांधून शिकते. शिवाय तिची एक सामायिक कोठी होती. कुणाच्याही संगणकावर एखादा तुकडा बांधून झाला की तो कोठीत जमा व्हायचा. दुसऱ्याला तोच लागला तर परत बांधायचा वेळ वाचायचा. जे काम पायरीला दिवसभर पुरायचं ते सुगरण चहा होईपर्यंत उरकायची. सहा महिने तिच्यावर बांधलेला तोल फक्त चाचणीवाल्यांनी नव्या चिपांच्या डब्यांत वापरला होता, कंपन्यांकडे तो अजून गेला नव्हता, आणि सगळ्यांची साखर कधी नव्हे इतकी ताळ्यावर होती. त्रिशलाचं मत जवळपास ठरलं होतं.

दुपारी गल्लीत गटारीचं खोदकाम करणाऱ्या जेसीबीने केबल तोडली आणि घरातलं इंटरनेट गेलं. त्रिशलाच्या ते लगेच लक्षात आलं नाही. संध्याकाळी सरांना नेमका वेळ सांगता यावा म्हणून तिने सकाळची वस्तू बाजूला ठेवून तीच आवृत्ती सुगरणीला परत बांधायला सांगितली आणि चहा ठेवायला गेली. चहा झाला, पिऊन झाला, कप विसळून झाला. सुगरण अजून बांधतच होती. पंखा घरघरत होता, संगणक तापला होता. सकाळी हेच काम बघता बघता झालं होतं.

बऱ्याच वेळाने ठसा आला. तो सकाळचा नव्हता.

आधी तिला वाटलं आपणच काहीतरी चुकीचं दाबलं. तिने परत बांधलं. तोच दुसरा ठसा परत आला. तिने मोबाइलवरून प्रभुदेसाई सरांना फोन लावला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "सकाळी नेट होतं?"

"होतं."

"आणि आत्ता नाही."

"नाही सर. केबल..." आणि बोलता बोलताच तिला कळलं.

"त्रिशला," सर हळूच म्हणाले, "सकाळी तू बांधलंसच नाहीस. रुबिनाने बांधलं, ते कोठीत गेलं, आणि तुझ्या सुगरणीने तेच उचलून तुझ्यापुढे ठेवलं. तुम्ही एकाच वस्तूचा ठसा दोनदा वाचलात."

"सहा महिने?"

"सहा महिने. मीही होतो की त्यात."

कोठी आहे हे तिघांनाही माहीत होतं. जुळवणी तर त्यांच्या हाडीमाशी भिनली होती. पण या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. दर आवृत्तीला त्यांनी इमानेइतबारे ठसा मोठ्याने वाचला होता, डोळे आळशी असतात म्हणून.

सकाळची वस्तू संगणकावर अजून होती. त्रिशलाने ती आणि आत्ताची अशा दोन्हींचे तुकडे शेजारीशेजारी लावले आणि एकेक ताडून बघायला लागली. तिच्या बांधणीत एक लहानसा तुकडा होता. रुबिनाच्या बांधणीत त्याच्या जागी काहीच नव्हतं.

"सर, 'थांबा' नाहीये."

डबीवाल्या माणसाच्या अंगावर साखर मोजणारे दोन संवेदक असतात, एक दंडावर, एक डबीखाली. दोघांचे आकडे फारच वेगळे आले तर कुणाचाच भरवसा धरायचा नाही, इन्सुलिन सोडायचं नाही, थांबायचं. तो तुकडा सरांनी घातला होता. दंडावरचा संवेदक उन्हाने तापला की साखर आहे त्याहून कितीतरी जास्त दाखवतो, हे त्यांना समुद्रावर मासेमारीला जाणाऱ्या एका डबीवाल्यामुळे कळलं होतं. तो वाचला होता, पण थोडक्यात.

"सकाळच्या वस्तूबरोबर तिची नोंद आली असेल. सुगरणीला विचार, का काढलं."

तिने विचारलं. सुगरण प्रांजळपणे उत्तर देते, हे तिचं कौतुक रुबिना नेहमी करायची. उत्तर आलं: 'हा तुकडा चाचणीच्या काळात एकदाही वापरला गेला नाही. वगळल्यास डबीची गती वाढते. सर्व तपासण्या उत्तीर्ण.' आजवर आयतं उचलणारी त्रिशलाची सुगरण हे अजून शिकली नव्हती, म्हणून तिच्या बांधणीत तो तुकडा राहिला होता.

चाचणी कार्तिकात सुरू झाली होती. सगळी चाचणी थंडीत गेली. ऊन आत्ता कुठे लागत होतं.

"भरतेश मैदानावर आहे सर," त्रिशला म्हणाली. "सकाळपासून."

*

भरतेशने फोन उचलला नाही. पंचाचा फोन पिशवीत असतो आणि पिशवी तंबूत. तिने दोनदा, तीनदा लावला. मग रुबिनाला फोन करून एका दमात सगळं सांगितलं.

"माझ्या मशीनवरनं गेलं ताई ते?"

"रडू नकोस. चाचणीवाल्या सगळ्यांना निरोप पाठव. डबी काढून ठेवा म्हणावं. जे उत्तर देणार नाहीत त्यांना फोन कर. सर पण करतायत."

डबी काढल्यावर पुढे लागेल म्हणून तिने जुन्या डब्यातून इन्सुलिनचं पेन घेतलं, स्कूटर काढली आणि बेडगचा रस्ता धरला. द्राक्षबागांमधून गरम वारा तोंडावर येत होता. ती स्वतःशीच पुटपुटत होती, की त्याने टोपी घातली असेल, सावलीत बसला असेल, त्याचा सामना दुपारनंतर असेल. आणि त्याच्याच जोडीला सकाळचा तिचा स्वतःचा आवाज कानात वाजत होता, 'हो रे बाबा, जा आता.' रस्त्यात एक ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसाला शिवी दिली.

मैदानावर खेळ थांबला होता. खांबाजवळ घोळका जमला होता आणि मधोमध भरतेश एका संघनायकावर ओरडत होता. पोरगं बिचारं गोंधळून म्हणत होतं, "सर, पण मी दिशा बदललीच नाही की!" आणि भरतेश हात उगारून, "मला शिकवतोस? मला?" त्याचा शर्ट घामाने चिंब झाला होता. ओठ पांढरे पडले होते. इतक्या वर्षांत मैदानावर त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. माणसं त्याला बिचकून मागे सरत होती. साखर फार उतरली की माणूस असा होतो, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणायची. आज ती "भरतेश!" असं किंचाळत आखलेल्या रेषा तुडवत पळाली.

"तू हितं कशाला... खेळ चालू आहे..." त्याची जीभ जड झाली होती. तिने त्याच्याशी वाद घातला नाही. शर्ट वर केला आणि डबी ओढून काढली. तिचा दिवा हिरवा होता. सगळं ठीक असल्याचा हिरवा.

खेळाडूंसाठी ग्लुकोजच्या पाण्याची बादली भरलेली होती. त्याच संघनायकाने ग्लास भरून आणला. पहिला घोट भरतेशच्या हनुवटीवरून सांडला, दुसरा पोटात गेला. ती त्याचं डोकं धरून मातीत बसली आणि एकेक घोट पाजत राहिली. हळूहळू त्याचे डोळे एका जागी ठरले. त्याने इकडेतिकडे पाहिलं, समोरच्या पोराकडे पाहिलं.

"मी ह्याच्यावर ओरडलो काय?" त्याने विचारलं.

त्रिशला तेव्हा रडली. इतका वेळ तिला फुरसत मिळाली नव्हती.

*

घरी आल्यावर तिने डबीतली दिवसभराची नोंद उघडली. उन्हं चढल्यापासून दोन संवेदकांचे आकडे एकमेकांपासून लांब जात होते. डबी एकदाही थांबली नव्हती. तिने भरतेशला सगळं सांगितलं. काहीही हातचं न ठेवता. तो पलंगावर उशीला टेकून ऐकत होता.

"म्हणजे," तो म्हणाला, "दोन पंच नेमले आणि दोघंबी मैदानाच्या एकाच अंगाला उभे राहिले."

"हो."

"आणि दुसऱ्या अंगाचा फाउल बघायला कोणच नाही."

त्रिशलाने डबीची नोंद बंद केली.

ठरल्या वेळी सर आणि रुबिना फोनवर आले. एक बरं होतं. चाचणीवाल्या सगळ्यांशी बोलणं झालं होतं. बाकीचे बहुतेक घरात किंवा कचेरीच्या गारव्यात होते. नाशिककडच्या एका बाईंना दवाखान्यात न्यावं लागलं होतं, पण त्या आता बसून बोलत होत्या. रुबिनाचा आवाज बसला होता, तरी ती आपलं म्हणणं मांडायला मागे हटली नाही.

"ताई, चूक माझी आहे, मान्य. पण कोठी बंद करू की. 'थांबा'ला कुलूप लावू, सुगरणीला हात लावता येणार नाही असं. हे चाचणीवाले आता परत सुईवर गेलेत. पायरीवर बांधायचं म्हटलं तर किती महिने? तेवढ्या महिन्यांत सुईच्या हिशेबात चुकून कुणाला काही झालं, तर ते कुणाच्या खात्यावर?"

"रास्त आहे," सर म्हणाले. "पण रुबिना, 'थांबा' गेला हे आपल्याला कळलं, कारण मिरजेत एका जेसीबीने केबल तोडली. दुसरं काय काय गेलंय, ते तू सांगशील? मला तरी सांगता येत नाही."

"मागच्या आवृत्त्याही त्याच कोठीतल्या," त्रिशला म्हणाली.

"तेच. आणि पायरीसुद्धा काही निर्दोष नाही बरं का. मी लिहिली आहे, मला माहीत आहे. फक्त ती चुकली तर कुठे चुकली ते वाचता येतं. तुझं मत सांग."

भरतेश तिच्याकडे बघत होता. सहा महिन्यांत त्याने कितीदा तरी बोलून दाखवलं होतं, की लहानपणापासून पहिल्यांदाच जेवण हे जेवणासारखं लागतं. ते तिच्याच हाताने काढून घ्यायचं होतं. आणि त्याच्याबरोबर अशा किती जणांचं, ज्यांची नावंही तिला ठाऊक नव्हती.

"पायरी," ती म्हणाली. "आणि मी नोकरीतून रजा काढते. नव्या चिपांच्या सूचना लिहायला बसू या. रुबिना, तू असशील ना?"

रुबिना म्हणाली, "असणार की. जाणार कुठं?"

फोन ठेवेपर्यंत खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा मगदुमांच्या घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. त्रिशलाने घाईने ताट वाढलं: भात, आमटी, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी. भरतेशने पेन हातात घेतलं, त्याचं टोक फिरवलं आणि थांबला.

"किती घेऊ?"

तोलमधली सगळी सूत्रं तिला पाठ होती. पण या ताटाला, या माणसाला, आजच्या या विस्कटलेल्या दिवसानंतर किती, हे तिने कार्तिकापासून मोजलं नव्हतं. त्यानेही नव्हतं.

"जुळवणी करू," भरतेश म्हणाला. "तू तिकडं तोंड कर, मी हिकडं करतो. बघायचं न्हाई एकमेकांचं."

ती भिंतीकडे वळून बसली. भात एवढा, भाकरी एवढी, दुपारची धावपळ, ग्लुकोज, आणि डबीने सोडलेलं इन्सुलिन अजून अंगात उरलेलं. ती बोटांवर मोजत होती. पाठीमागे तोही पुटपुटत होता, ते तिला ऐकू येत होतं, आणि ऐकू येऊ नये म्हणून ती मुद्दाम मोठ्याने मोजायला लागली. बाहेर ऊन कौलांवरून उतरत होतं. असं मोजताना तिला इतकी भीती वाटेल असं तिला वाटलं नव्हतं.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. वाच."

"आठ."

त्रिशला वळली. तिच्या मनात पाच होते. तिने परत एकदा मोजून पाहिलं, पाचच आले. ताटातली आमटी निवत चालली होती.

"माझे पाच," ती म्हणाली.

सहा महिन्यांत जुळवणी पहिल्यांदा चुकली होती, आणि सहा महिन्यांत ती पहिल्यांदा खरी झाली होती.

"मग आता," भरतेशने पेन दोघांच्या मध्ये धरून विचारलं, "ह्यातलं बरोबर कुणाचं?"